नाकाबंदीच्या अलीकडं

काय काम करता, असं कुणी विचारलं की मी सांगते, उभी राहते. लोकांना वाटतं बाई विनोद करतेय. पण वाहतूक शाखेत बदली झाल्यापासून माझं मुख्य काम तेच आहे. पुणे रोडवर, चिंचोळी एमआयडीसीच्या जवळ सर्व्हिस रोड हायवेला मिळतो तिथं आमची जीप लागते, बॅरिकेड आडवी पडतात आणि आम्ही उभे राहतो. मोहोळकडून सोलापुरात येणारी गाडी अडवायची आणि विचारायचं, इन्शुरन्स आहे का, पासिंग संपलंय का, कर भरलाय का. एवढीच वाक्यं. एकदा घरी दारावर गॅसवाला आला तर मी दार उघडून त्यालाही "कागदं?" म्हणाले होते. मुलगी अजून ते सगळ्यांना सांगत असते.

उन्हाबद्दल काय सांगायचं, सोलापूर आहे. रुमाल बांधला तरी धूळ दातात कचकचते. एमआयडीसीची शिफ्ट सुटली की मोटारसायकलींचा लोंढा येतो आणि त्यातल्या निम्म्यांना लांबूनच आम्ही दिसतो. मग कुणी गाडी ढकलत उलटं फिरतं, कुणी बायकोला उतरवून चालायला लावतं, कुणी हेल्मेट नसल्याची शरम वाटून डोक्यावर हात ठेवतं, जसं काही हातानं डोकं झाकलं की काम भागलं.

अडवलेला माणूस खिशात हात घालतो तो कागदांसाठी नाही, फोनसाठी. कुणाला तरी लावतो आणि माझ्यापुढं धरतो. "घ्या, बोला." कोण आहे विचारलं तर, "बोला तर खरं." पलीकडं कुणाचा तरी भाचा असतो, कुणाच्या साडूचा मेव्हणा मोठ्या ऑफिसात असतो. एकानं तर आईलाच लावला होता. ती माउली म्हणाली, "सोडा की बाई, लेकरू उपाशी हाय माजं." लेकराच्या मिशा पिकायला लागल्या होत्या. तेव्हापासून मी चलनाचं मशीन दोन्ही हातांनी धरते. हात रिकामे दिसले की लोक त्यात फोन ठेवतात.

मी कुणाला सोडत नाही, अशी माझी ख्याती झाली. ख्याती कसली, थकवा आहे तो. एकाला सोडलं की का सोडलं ते लक्षात ठेवायचं, दुसऱ्याला का नाही सोडलं त्याचं उत्तर तयार ठेवायचं, कुणी सांगितलंय? सगळ्यांना सारखं धरलं की डोक्याला ताप नाही. आणि दुसरंही एक आहे. अपघाताच्या जागी मी पुष्कळदा उभी राहिलेय. ठोकणाऱ्या गाडीचा इन्शुरन्स नसला की ज्याचा पाय गेला त्याची बायको कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहते आणि हाती काही लागत नाही. त्या कागदावर माझं प्रेम आहे असं नाही, पण त्याची कुणी चेष्टा केली की मला राग येतो.

आणि त्या कागदाची सगळ्यात जास्त चेष्टा करायचे ते माझे वडील. त्यांना मी आबा म्हणते.

आमचं गाव मोहोळच्या अलीकडं, हायवेपासून बरंच आत. फाट्यापर्यंत एसटी मिळते, पुढं पायी. भाऊ पुण्यात, आई गेलेली, आबा एकटे. थोडं रान, चार शेळ्या आणि एक जुनी मोपेड. गावात तिला फटफटी म्हणतात. आबांचे गुडघे गेलेत. घरातून शेळ्यांपर्यंत जायचं तर भिंत धरून जातात. पण फटफटीवर बसले की त्यांना गुडघ्यांची गरजच पडत नाही. रेशन, दवाखाना, शेळ्यांचा पाला, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मातीला, सगळं त्या फटफटीवर. ती गेली तर आबा घरापुढच्या ओट्यावर बसणार, हे मला पक्कं माहीत होतं. एकदा ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं पुन्हा कशी उठत नाहीत, ते मी आमच्याच गल्लीत पाहिलंय.

दर गुरुवारी आबा त्या फटफटीवरून सोलापूरला माझ्या घरी यायचे. मी ड्युटीवर, मुलगी शाळेत, नवरा पुण्याला कंपनीत. शेजारणीकडून किल्ली घ्यायची, पिशवी स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवायची, नातीची वाट बघत बसायचं, ती आली की तिच्याशी भांडायचं आणि परत जायचं. पिशवी खताच्या पोत्याची शिवलेली, निळ्या नाडीची. तिच्यात भाकरी, शेंगाचटणी, रानातली भाजी. आई गेल्यावर आबा भाकरी करायला शिकले. म्हणजे थापायला शिकले, गोल करायला अजून शिकायचेत. मुलगी म्हणते, आजोबांची भाकरी भूगोलाच्या तासाला न्यावी. जाड, कडेला करपलेली. पण गुरुवारी रात्री मी तीच खाते आणि उरलेली शुक्रवारी त्याच पिशवीतून ड्युटीवर नेते. माझ्याबरोबर असतात ते हवालदार, नोकरीत माझ्यापेक्षा जुने, शुक्रवारी घरून डबाच आणत नाहीत.

आबा माझ्या घरी येतात पण माझं काही घेत नाहीत. लेकीला द्यायचं असतं, लेकीचं घ्यायचं नसतं. हा त्यांच्या आईवडिलांचा नेम, त्यांनी तो माझ्यावर चालवला. चहा पितात, पण दूध आपल्या शेळीचं बाटलीत घालून आणतात. साखर आणि पत्ती तेवढी माझी चालते. पत्ती का चालते आणि दूध का चालत नाही, हे विचारलं तर म्हणतात, "तुला न्हाय कळायचं."

फटफटीचा इन्शुरन्स केव्हाच संपला होता. त्यावरून आमची ठरलेली भांडणं व्हायची.

"आबा, इन्शुरन्स काढा."

"पडायच्या आदीच पडल्याचं पैसं भरायचं? म्हंजी पडण्याला आवतान दिल्यागत हाय की ते."

"तुमच्यासाठी नाही. तुम्ही दुसऱ्याला पाडलं तर त्याच्यासाठी."

"ह्या फटफटीनं? हिच्या म्होरनं कोंबडीसुदिक सावकाश जाती."

शेवटी एका सुट्टीला मीच ती टेम्पोत घालून आरटीओत नेली. पासिंग करू, पर्यावरण कर भरू, इन्शुरन्स काढू, एकदाचं मिटवू. तिथं चेसी नंबर बघायला गेले तर तो गंजून गेलेला. खरवडला, रॉकेलनं पुसला, नंबर काही उमटेना, आणि त्याशिवाय पासिंग नाही. एजंट म्हणाला, "मॅडम, ही गाडी चालती, पण कागदावर मेलीय." मी आबांना म्हणाले, नवी घेऊन देते. आबा असे बघायला लागले, जसं काही मी वंगाळ बोलले. "लेकीच्या गाडीवर बसून गावात फिरू व्हय? त्यापरीस खुरडत जाईन की."

मग मलाही राग आला. मी म्हणाले, "ठीक आहे. पण त्या गाडीवर माझ्यासमोर येऊ नका. आलात तर पावती फाडीन आणि गाडी जमा करीन. बाप म्हणून सोडणार नाही." आता पावती कुणी फाडत नाही, मशीनमध्ये फोटो काढतात, पण बोलताना तोच शब्द येतो.

आबा शांतपणे म्हणाले, "सोडू नगंस."

त्यानंतरही मला आबा नाक्यावर कधी दिसले नाहीत. पिशवी मात्र गुरुवारी ओट्यावर असायची. मला वाटलं आतल्या गावांतून, रानवाटेनं येत असतील. फक्त एक बदल झाला. पूर्वी नात शाळेतून यायच्या आधी येऊन बसलेले असायचे, आता तिच्या मागून यायचे. कधी अगदी उशिरा यायचे आणि पिशवी ठेवून लगेच निघायचे. मुलगी कुरकुर करायची. मी फोन करून विचारलं तर कधी शेळी अडली होती, कधी प्लग गेला होता, कधी वाटेत कुणी भेटलं होतं. आबांना इतकी माणसं वाटेत भेटतात हे मला नवीन होतं, पण मी फार विचार केला नाही. ड्युटीवरून आल्यावर माझं डोकं चालत नाही.

आता टपरीचं सांगायला हवं. आमच्या नाक्याच्या अलीकडं, मोहोळच्या बाजूला, हायवेच्या वळणाआड, एक चहाची टपरी आहे. पत्र्याच्या तीन भिंती, बाहेर लिंबाच्या झाडाखाली बाकडी. आमची नाकाबंदी लागली की सोलापूरकडून जाणारे लोक समोरून येणाऱ्यांना लाइट मारतात, डोक्यावर हात मारून दाखवतात, आणि ज्यांच्याकडं कागद नाहीत ते सगळे त्या टपरीवर थांबतात. चहा घेतात, पोहे खातात, पुन्हा चहा घेतात. टपरीवाला अधूनमधून कुणाला तरी वळणापर्यंत बघायला पाठवतो. आमची जीप हलली की अख्खी टपरी उठते आणि वऱ्हाड निघाल्यासारखी सोलापूरकडं निघते.

हे आम्हाला माहीत होतं. आम्हाला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. हवालदार म्हणायचे, "बसू द्या की मॅडम, तेवढा येळ तरी रस्त्यावर बिनकागदाच्या गाड्या नसत्यात." मला त्यांचं म्हणणं पटायचं.

पण नवीन साहेब आले. वयानं लहान, माणूस चांगला, पण नवीन. त्यांना टपरीचं कळलं तेव्हा ते हसले नाहीत. एका गुरुवारी म्हणाले, "नाका इथंच राहू दे. आपण सर्व्हिस रोडनं मागून जाऊ." साहेबांची जीप टपरीच्या बरीच आधी थांबवली आणि साहेब, हवालदार आणि मी कडेकडेनं चालत टपरीच्या मागच्या बाजूला आलो. पत्र्यापलीकडं माणसं बोलत होती. साहेबांनी हातानं थांबायची खूण केली.

"ती बाई हाय का रं आज?"

"हाय की. ती आसली म्हंजी लवकर हलत न्हाईत."

"तिला घरदार हाय का न्हाय?"

"कुनाच्या घरात दिली आसंल, त्येचं कल्याण झालं म्हनायचं."

सगळे हसले. हवालदार माझ्याकडं बघायचं टाळून चपलेतला काटा काढावा तसा बूट न्याहाळत होते. मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला ताकद लागते. मग टपरीवाल्याचा आवाज आला, "आजोबा, तुमी कायबी बोलत न्हाय? दर गुरुवारी बसताय की आमच्यासंगं."

"काय बोलायचं? कामावर हाय ती. तिचं काम करती."

"लई बाजू घेताय. तुमची कोन लागती व्हय?"

"माजी कोन लागायची?"

तो आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही.  साहेब पुढं झाले, आणि टपरीत एकच पळापळ झाली. काही शेजारच्या तुरीच्या रानात घुसले, काहींनी गाड्या तशाच टाकल्या, एकानं पोह्याची बशी घेऊनच धूम ठोकली. आबा बाकड्यावरच बसून होते. पळायला गुडघे नव्हते आणि बशीत चहा होता. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, आणि रस्त्यावरच्या कुठल्याही पोलिसाकडं बघावं तसं बघून नजर काढून घेतली. चहा संपवला. शेजारी फटफटी उभी होती आणि तिच्या हँडलला निळ्या नाडीची पिशवी अडकवलेली होती.

सगळे गुरुवार माझ्यापुढं उलगडले. प्लग गेला नव्हता, शेळी अडली नव्हती, वाटेत कुणी भेटलं नव्हतं. मी वळणापलीकडं उभी राहिले की आबा वळणाअलीकडं बसून राहायचे. माझ्यासमोर येऊ नका असं मीच म्हणाले होते ना, ते येत नव्हते.

"आजोबा, गाडी तुमची?" साहेबांनी विचारलं.

"व्हय."

"इन्शुरन्स?"

"न्हाय साहेब."

"पासिंग?"

"तेबी न्हाय."

"मग आहे काय?"

"गाडी हाय."

साहेबांना हसू आलं. त्यांच्या मनात म्हाताऱ्याबद्दल काही वाकडं नव्हतं. पण पळालेल्यांच्या गाड्या जमा करायच्या आणि बसून राहिलेल्याला काही कारण नसताना सोडायचं, हे त्यांनाही जड गेलं असावं. म्हणून त्यांनी आबांना रीतसर वाट काढून दिली. म्हणाले, "पोलिसात कुणी ओळखीचं आहे का? फोन लावायचाय का कुणाला?"

मी तोंड उघडलं. हे माझे वडील, एवढंच म्हणायचं होतं. पुढचं साहेबांनी बघितलं असतं. टपरीवाला बघत होता, तुरीतून परत आलेले दोघंतिघं बघत होते.

आबा माझ्या आधी बोलले. बशी बाकड्यावर ठेवून, टोपी सारखी करत म्हणाले, "न्हाय साहेब. पोलिसात माजं कुनी न्हाय."

मी मशीन सुरू केलं.

"घ्या मॅडम," साहेब म्हणाले आणि तुरीच्या बाजूला गेले. हवालदारांची नजर पिशवीवर गेली. ती पिशवी त्यांनी दर शुक्रवारी पाहिलेली. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "मशीन माझ्याकडं द्या." मी दिलं नाही. फटफटीची नंबरप्लेट चिखलानं भरलेली होती. मी नंबर टाकून मोकळी झाले. पुसून बघायची मला गरज नव्हती, लग्नाआधी त्याच गाडीवर मागं बसून मी भरतीच्या ग्राउंडला गेले होते.

फोटो काढायला मशीन वर केलं तर आबा सरळ होऊन फटफटीशेजारी उभे राहिले. फोटो म्हटल्यावर माणसं उभी राहतात तसे, एक हात सीटवर ठेवून. त्या मशीनला माणूस लागत नाही, गाडीच लागते. मी म्हणाले, "बाजूला व्हा." आबांशी असं मी जन्मात बोलले नव्हते. ते मुकाट्यानं बाजूला झाले.

टेम्पो आला, जमा केलेल्या गाड्या त्यात चढवल्या. आबांनी फटफटी चढवायला खालून हात लावला आणि कुणीतरी म्हणालं, "आजोबा, राहू द्या, पडाल." टेम्पो निघाल्यावर त्यांनी हायवेच्या कडेला जाऊन वडापच्या, माणशी भाडं घेऊन माणसं कोंबणाऱ्या, जीपला हात केला. माझ्याकडं मागं वळून बघितलं नाही. मला त्यांचा राग आला. इतका राग मला कागद नसलेल्या एकाही माणसाचा आला नव्हता. टपरीवाला मात्र उगाच जवळ आला आणि सांगू लागला, "मॅडम, म्हातारा भला हुता. लोकं तुमाला शिव्या द्याय लागली की उटून गाडीपाशी जाऊन बसायचा."

नाक्यावर परतलो तर जीपच्या सीटखाली निळ्या नाडीची पिशवी होती. हवालदारांनी टेम्पोत चढवण्याआधी हँडलवरून काढून घेतली होती. म्हणाले, "जप्तीत गाडी हाय, भाकरी न्हाय." त्या दिवशी आम्ही दोघांनी ती गुरुवारीच खाल्ली. रडू येईल असं वाटलं होतं, पण भूक लागली होती. शिवाय पुढची शिफ्ट सुटायची वेळ झाली होती.

संध्याकाळी फोन केला. आबा म्हणाले, पोचलो, वडापमधल्या पोरांनी बसायला जागा दिली. फाट्यापासून कसे गेलात विचारलं तर म्हणाले, गेलो. मी विचारलं, "आबा, असं का सांगितलंत?"

"आन काय सांगायचं हुतं? गाडी आज ना उद्या बंदच पडायची हुती. तुजी नोकरी अजून लई चालायची हाय."

"साहेब सोडणार होते."

"म्हनूनच की."

 फटफटी सुटणं शक्य नव्हतं. ज्या गाडीला कागदच होऊ शकत नाही ती कागद दाखवून सोडवायची कशी? ठाण्याच्या आवारात भिंतीला लागून ती उभी आहे. हजेरीला जाताना दिसते.

पुढच्या गुरुवारी पिशवी आली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी दुपारी नाक्यावर एक वडापची जीप स्वतःहून थांबली. आत माणसं कोंबलेली, टपावरही दोघं. ड्रायव्हर हसत उतरला आणि आरशाला अडकवलेली निळ्या नाडीची पिशवी काढून माझ्या हातात दिली. "आजोबांनी दिलीया, नाक्यावरच्या लेकीला द्या म्हणले. फाट्यापत्तूर चालत आलते." पिशवी अजून कोमट होती. मी विचारलं, "कसे चालत आले?" तो म्हणाला, "बसत बसत."

त्या जीपला परवाना नव्हता हे सांगायला मशीन लागत नव्हतं. टायर गुळगुळीत, मागचा दिवा फुटलेला. मी पिशवी हातात धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढं आबा फाट्याच्या रस्त्यावर बसत बसत येत होते. मी ड्रायव्हरला म्हणाले, जा. इतकंच. या नोकरीत मी सोडलेली ती पहिली गाडी. पुढच्या गुरुवारीही सोडली, त्याच्या पुढच्याही.  पहिल्यांदा मला कळलं की सोडणं किती सोपं असतं. माणूस फक्त दुसरीकडं बघतो.

मग एका गुरुवारी साहेब नाक्यावर होते. वडाप नेहमीसारखी आली, आरशाला पिशवी, आणि ड्रायव्हर थांबायच्या बेतात असताना साहेबांनीच हात केला. "मॅडम, हिचं बघा." मी पुढं झाले आणि कागद मागितले. ड्रायव्हरला वाटलं मी साहेबांसमोर नाटक करतेय. त्यानं डोळ्यानं पिशवी दाखवली. मी पुन्हा मागितले. तेव्हा त्याचा चेहरा बदलला. त्यानं खिशात हात घातला. कागदांसाठी नाही.

"आजोबा," तो फोनवर म्हणाला, "तुमच्या पिशवीवर दर गुरुवारी सोडत्यात की मला, आन आज अडवलंय. सांगा की जरा." आणि फोन माझ्यापुढं धरला. "घ्या, बोला. तुमचे वडील हायेत."

साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी मशीन काखेत धरलं आणि फोन घेतला. नाक्यावर असा फोन मी पहिल्यांदाच कानाला लावला. 

"दर गुरुवारी सोडतीस त्येला? पिशवीपायी?"

मी आरशाला अडकवलेल्या पिशवीकडं बघितलं.

"लई म्हाग पडली की गं भाकरी," आबा म्हणाले. मग टपरीवर साहेबांशी बोलले होते त्याच आवाजात म्हणाले, "कागदं बग त्येची." फोन बंद झाला.

मी फोन ड्रायव्हरला परत दिला. तो आशेनं म्हणाला, "काय म्हणले?"

"कागदं बघ म्हणले."

मशीनमध्ये नंबर टाकला, फोटो काढला, माणसं खाली उतरवली. साहेबांना मी तिथंच सगळं सांगितलं, टपरीपासूनचं. ते ऐकत राहिले, आणि शेवटी, फटफटीचं काही करता येईल का बघू, असं म्हणाले. ते म्हणायला हवं म्हणून म्हणाले, आणि काही करता येणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. ड्रायव्हरनं आरशाची पिशवी काढून रस्त्याच्या कडेला ठेवली. ती मी उचलली.

त्यानंतर पिशवी आली नाही. आबांनी पाठवली नाही, आणि पाठवली असती तरी वडापवाल्यानं आणली नसती. आता सुट्टी मिळेल त्या दिवशी मीच जाते. फाट्यापर्यंत एसटीनं, पुढं पायी. चालताना वाटेतला एकेक दगड बघते, कुठल्या दगडावर बसले असतील म्हणून. वळण घेतलं की आमचं घर लांबूनच दिसतं. आबा ओट्यावर बसलेले असतात.